आधी पुस्तकं, मग वर्ग

पदव्युत्तर शिक्षणात नवं काही करावं असं सरकारला वाटणं, ही मराठवाड्यात आजची गोष्ट नाही. आमचं अहमदपूर निजामी राज्यात बीदर जिल्ह्यात होतं. १९१७ साली मीर उस्मान अली खान यांनी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ काढण्याचं फर्मान दिलं. विज्ञान, तत्त्वज्ञान, पुढे वैद्यकसुद्धा उर्दूतून! मुंबई-मद्रासची विद्यापीठं इंग्रजीतून शिकवत होती, त्या काळात हे धाडसच.

मला त्यातला क्रम मोलाचा वाटतो. वर्ग भरले १९१९ मध्ये. पण 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतर खातं त्याआधीच सुरू झालं होतं. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. पारिभाषिक शब्द घडवायला जाणकार बसवले, शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. जोश मलिहाबादींसारखे शायरही पुढे तिथे नोकरीला होते. शायराला पगार देऊन शब्दांच्या कामाला लावणारं सरकार विरळाच!

उर्दू माझ्या घरातली भाषा आहे, तरीही सांगतो : या प्रयोगात मोठी खोट होती. राज्यातली बहुसंख्य रयत तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी. तिच्या मुलांना इंग्रजीऐवजी उर्दूचा डोंगर चढावा लागला.

१९४८ नंतर उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ आलं. तरी अहमदपूरच्या मुलाला ते लांबच. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि विद्यापीठ शेजारच्या जिल्ह्यात आलं. पहिले कुलगुरू लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे. इथे सुट्या विभागांऐवजी 'संकुलं' आली. भाषा, वाङ्मय आणि संस्कृती एका छपराखाली शिकायची, ही कल्पना कवीला पटणारीच.

पण पुस्तकांचं काय? महाराष्ट्रात भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने ग्रंथही छापले. त्यांतले किती शब्द एम.एस्सी.च्या वर्गात उच्चारले गेले? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाची भाषा पुन्हा आली आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या एम.ए.चीही सोय आहे. वर्षं कमी करता येतात एका कागदावर. मराठीतून रसायनशास्त्र शिकवायचं, तर भाषांतराला बसणारी माणसं लागतात, आणि त्यांना दरमहा पगार लागतो.