हरवलेली डीएलएल आणि कॅफेवाल्या काकांचं फोल्डर

परवा घाटकोपरहून भाच्याचा फोन. "मामा, कपाटातला तुझा जुना रेसिंगचा गेम टाकला, पण चालूच होत नाही. डीएलएल मिसिंग म्हणतोय." आणि मी थेट २००६ च्या बोरिवलीत पोचलो.

स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आम्ही तासावर पैसे मोजून खेळायचो. गेम अडला की कॅफेवाले काका डी ड्राइव्हमधलं एक फोल्डर उघडायचे, त्यातली फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकायचे. झालं काम! आम्हाला ती जादू वाटायची.

जादू वगैरे काही नव्हती. गेम फक्त हुकूम सोडतो; ग्राफिक्स लायब्ररी तो कार्डाला समजेल असा पोचवते. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं 'व्हूडू' कार्ड आलं. त्याची 'ग्लाइड' लायब्ररी त्याच कंपनीच्या कार्डांवर चालायची. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळायचं ठरवलं, मालमत्ता एनव्हिडियाकडे गेली आणि ग्लाइडवरचे गेम पोरके झाले. त्यांना जगवलं हौशी मंडळींनी. 'डीजीव्हूडू', 'एनग्लाइड' हे त्यांनी लिहिलेले दुभाषेच.

मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स ९ ची भानगड वेगळी. त्याच्या 'डी३डीएक्स९' फाइलींना २४ ते ४३ असे क्रमांक. गेमला २६ हवी असेल तर ४३ असून उपयोग नाही. मालाडला उतरायचंय आणि विरार फास्ट पकडली, तसं! विंडोज १०, ११ मध्ये या फाइली मुळात येतच नाहीत.

मी एकदा कुठल्याशा साइटवरून सुटी डीएलएल उचलली होती. जाहिरातींनी लॅपटॉप भरला, शेवटी फॉरमॅट मारावा लागला. असलं करू नका. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं जून २०१० चं 'एंड-युजर रनटाइम' पॅकेज आहे. ते नव्याला धक्का न लावता जुन्या फाइली शेजारी बसवतं. भाच्याला तेच सांगितलं. गेम धावला.

पण मला काका आठवत राहिले. २०११ च्या केंद्राच्या नियमांनी कॅफेत कोण येऊन बसलं याची नोंद वर्षभर ठेवायला लावली. त्या पोरांनी काय खेळलं, ते कसं चालू ठेवलं, याची नोंद कोणीच ठेवली नाही. सीड्या बहुतेक पायरेटेड होत्या, हेही खरंच. तरी आमच्या पिढीची कॉम्प्युटरची पहिली शाळा तीच. मोबाइल आले, कॅफे बंद झाला, ते फोल्डरही गेलं.

आपल्या वॉर्डातल्या वाचनालयात एक जुना, चालता कॉम्प्युटर आणि लोकांनी दिलेल्या ओरिजिनल सीड्या ठेवायला किती जागा लागेल? एक टेबल. दिवाळीच्या साफसफाईत ते खोकं भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा.

अंधेरी, मुलुंडवाल्यांनो, तुमच्या कॅफेत काय चालायचं? खाली लिहा. निदान आपण तरी नोंद ठेवू.