अर्धशिशीत केस विंचरतानाही दुखतं? हे नाटक नाही, आजाराचाच भाग

अर्धशिशी उठली की अनेकांना केस विंचरणं, कानातले घालणं, उशीवर डोकं टेकणंही सहन होत नाही. मान-खांदे दुखतात, काहींना अंगावरचा कपडाही बोचतो. ही बाहेरची बाधा नव्हे. दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसा जास्तच हळव्या होतात, म्हणून साधा स्पर्शही दुखतो. डॉक्टर याला ‘अॅलोडायनिया’ म्हणतात.

हा त्रास वाढल्यावर गोळीचा गुण कमी येतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी डोकं दुखायला लागताच घ्या. मात्र दुकानातून आणून महिन्यातले १०-१५ दिवस गोळ्या खाल्ल्या, तर त्यानंच डोकेदुखी वाढते.

अचानक असह्य डोकेदुखी, तापात मान आखडणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा.