अंगठ्याच्या दाबाएवढं भोक

शनिवार, १४ जानेवारी १९६७. संक्रांत. गोव्यातल्या पार्से गावात भगवतीच्या देवळावरून पुढे आलात की माडाच्या झापांनी शाकारलेली एक खोप लागते. तिच्या भिंतीवर चुन्यानं मोठं फूल काढलंय. परवा सोमवारी जनमत कौल आहे: महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. बाहेर त्याचाच वाद रंगलाय. आत मात्र कुणी बोलत नाही, कारण वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, लावणी झालीय, मळ्यात पाणी नाही आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन इथे सुटं होऊन पडलंय.

वाकून कनेक्टिंग रॉड उचला. हातभर लांब, तेलकट, अंदाजापेक्षा जड. त्याच्या वरच्या, लहान डोळ्यात गनमेटलचा बुश असतो आणि त्या बुशात पिस्टनची गजन पिन झुलते. जुना बुश झिजून लांबट झाला होता, म्हणून इंजिन टकटक करत होतं. नवा काल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आला. चोपड्याला फेरीबोट, पलीकडे शिवोली, मग पुढे म्हापसा. खोपीतल्या मेस्तांनी, म्हणजे कारागिरांनी, तो लांब बोल्ट, पाइपचा तुकडा आणि दोन वॉशर लावून ओढत ओढत बसवला. तेलाचं भोक रॉडच्या भोकाशी जुळलंय ना, हे काडी घालून पाहिलं. ते चुकलं असतं तर पिन कोरडी पडून जळाली असती.

आता पिन घालून बघा. जात नाही. बुश दाबून बसवला की त्याचं भोक केसभर आवळतं, आणि तो केसभर भाग हातानं काढायचा आहे. लेथ इथे नाही. आहे तो रीमर: पोलादी दांड्याला उभ्या खोबणी, खोबणीत धारदार पाती, दोन टोकांना दोन नट. एक नट सैल करून दुसरा आवळला की पाती उतरत्या खोबणीतून सरकतात आणि किंचित बाहेर येतात.

मेस्त रॉड वाईसमध्ये धरतात, जबड्यांत तांब्याचे पत्रे घालून. रीमरचा दांडा तुमच्या हातात देतात.

"सवकास," एवढंच म्हणतात.

फिरवा. उजवीकडेच. पाती बुशाला लागली की मनगटाला बारीक खरखर जाणवते आणि सोनेरी भुकटी बोटांवर पडते. रीमर बाहेर काढतानाही उजवीकडेच फिरवायचा. उलटा फिरवलात तर भुकटी पात्यांखाली चेंगरते, धार जाते आणि बुशावर ओरखडे उमटतात. एक फेरी झाली. पुसा. पिन लावून बघा. नाहीच. नट किंचित आवळा, रॉड उलटा करून दुसऱ्या बाजूनं रीमर घाला, म्हणजे भोक एका अंगाला कलणार नाही. तिसरी फेरी. चौथी. घाम कोपरापर्यंत आलाय आणि पिन जेमतेम तोंडाशी शिरलीय. इथे हात शिवशिवतो: नटाला अर्धा वेढा दिला तर एका दमात होईल! मेस्त तुमच्याकडे नाही, तुमच्या मनगटाकडे बघताहेत. बुश मोठा झाला तर पुन्हा फेरीबोट, पुन्हा शिवोली, पुन्हा म्हापसा. तोवर रोप पिवळं पडेल.

मला या कामात हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते. मिलिमीटरचे दोन-तीन शतांश, तेही डोळ्यांना न दिसणारे, आणि मोजायला फक्त अंगठा.

सहाव्या फेरीनंतर पिनेला तेलाचं बोट लावा. अंगठ्यानं दाबा. ती सरकते, अडत नाही आणि डुगडुगतही नाही. मेस्त रॉड आडवा धरून पिन हलवून पाहतात, कान जवळ नेतात, मान डोलावतात. मग बुश रॉकेलनं धुतात, कारण भुकटीचा एक कण आत राहिला तर केलेलं सगळं वाया जाईल. आतून कुणीतरी तिळगूळ आणून ठेवतं. काळे हात तसेच पुढे होतात.

संध्याकाळी विहिरीवर हँडल फिरतं. इंजिन दोनदा खोकतं आणि चालू होतं. टकटक नाही.

आता बुश नेमक्या मापाचे तयार मिळतात. तरीही घरातल्या जुन्या पेटीत असा पात्यांचा दांडा सापडला, तर भंगारात देऊ नका. पुसा, तेल लावा, कापडात गुंडाळून ठेवा.