हे जनावर कोणाचं? घोड्याच्या डागापासून कुत्र्याच्या चिपपर्यंत

ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलण्यातलं बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे तांदळाच्या दाण्याएवढा. म्हणजे अक्षरशः. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या कातडीखाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, सुईने एक बारीक काचेची कुपी सोडतात. तिलाच मायक्रोचिप म्हणतात. जनावर हरवलं, कोणाला सापडलं, तर चिप वाचायची, मालक शोधायचा आणि जनावर घरी पोचवायचं. मुंबई-पुण्यात बऱ्याच जणांनी हे ऐकलेलं असतं. आपल्या नंदुरबारकडे चिपचं नाव काढलं की लोक आधी मोबाईलकडे बघतात.

पण चिप ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न फार जुना आहे: हे जनावर कोणाचं? या प्रश्नाचा इतिहास सांगायला मला नंदुरबारइतका चांगला जिल्हा दुसरा सापडत नाही. का, ते पुढे कळेलच.

सारंगखेड्याचा भोवरा

शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर सारंगखेडा आहे. एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि दत्तजयंतीला सुरू होणारी यात्रा. या यात्रेतला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे.

तिथे जाणकार माणूस घोडा कसा बघतो, ते एकदा नीट पाहा. आधी दात, मग पाय, चाल, रंग. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर पंचकल्याण. आणि मग तो बघतो भोवरे. घोड्याच्या कपाळावर, मानेवर, छातीवर केस गोल फिरलेले असतात, तो भोवरा. अमुक जागी असला तर शुभ, तमुक जागी असला तर खोड. या एका भोवऱ्यावरून किंमत वरखाली होते.

आता गंमत ऐका. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या घोड्याचा पासपोर्ट असतो. त्यात घोड्याचं रेखाचित्र असतं आणि त्या चित्रावर पशुवैद्य हेच भोवरे फुल्या मारून दाखवतो. कारण रंग फिका होतो, वय वाढतं, पण भोवरा जागा सोडत नाही. आपले लोक ज्यात नशीब बघतात, त्यात पासपोर्टवाले ओळख बघतात. दोघांची नजर मात्र एकाच जागी जाते.

म्हणजे पहिली खूण जनावराच्या अंगावर जन्मापासूनच असते. फक्त ती बघून लिहून ठेवणारा माणूस लागतो.

सरकारला घोडा का ओळखायचा होता?

अंगावरची खूण पुरेना, तेव्हा माणसाने स्वतः खूण केली. लोखंड तापवायचं आणि डाग द्यायचा. तेराव्या शतकाच्या शेवटी आणि चौदाव्याच्या सुरुवातीला दिल्लीवर राज्य करणाऱ्या अलाउद्दीन खिलजीने सैन्यातल्या घोड्यांना डाग देण्याची पद्धत सक्तीची केली. हा तोच खिलजी, जो १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आला होता. पुढे शेरशाहने ती पद्धत पुन्हा आणली आणि अकबराने १५७० च्या दशकात तिची मोठी व्यवस्था लावली. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि आपला खानदेशही अकबराच्या राज्यात गेला.

एवढा खटाटोप कशासाठी? तर चोरी पकडण्यासाठी. चोर मात्र बाहेरचा नव्हता, घरचाच! सरदार म्हणायचा, माझ्याकडे इतके घोडे आहेत, इतका पगार द्या. हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याकडून चांगले घोडे आणून उभे करायचे, हजेरी संपली की परत. नाहीतर सरकारी पैशाचा उमदा घोडा विकायचा आणि त्याच्या जागी मरतुकडं तट्टू बांधायचं. म्हणून घोड्याला डाग दिला आणि स्वाराचा चेहरा कागदावर उतरवला. रंग, नाक, जखमेचा व्रण, सगळं लिहायचं. आपण आज 'चेहरेपट्टी' म्हणतो, त्यातला चेहरा असा दफ्तरात जाऊन बसला होता.

मराठ्यांच्या घोडदळातही घोडा कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा होता. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळाला तो. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा घेऊन आला तो. स्वार दोघेही, पण घोडा मेला तर नुकसान कोणाचं, हे या एका शब्दावर ठरायचं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हा डाग घोडा घरी परत यावा म्हणून दिलेला नव्हता. राज्याचा हिशेब जुळावा म्हणून दिला होता. खूण ज्याने केली, सोय त्याची झाली.

कोंडवाडा: १८७१ चा डेटाबेस

हरवलेलं जनावर परत मिळण्याची पहिली मोठी सरकारी व्यवस्था आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहिली आहे. तिचं नाव कोंडवाडा.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने कॅटल ट्रेसपास कायदा केला. दुसऱ्याच्या शेतात जनावर शिरलं तर शेतकऱ्याने ते धरायचं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायचं. कोंडवाड्याच्या रखवालदाराने वहीत लिहायचं: किती जनावरं, त्यांचं वर्णन, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी धरली, कोणी आणली आणि मालक माहीत असेल तर त्याचं नाव-गाव. मालकाने यायचं, दंड आणि चाऱ्याचा खर्च भरायचा, जनावर सोडवायचं. कायद्यात दंडाचा तक्ताच होता. हत्तीला दोन रुपये, शेळीला एक आणा!

सात दिवसांत कोणी आलं नाही तर पोलिसांना कळवायचं. मग जिथे जनावर धरलं त्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी. त्यानंतरही सात दिवसांत कोणी आलं नाही, तर लिलाव.

विचार करा, आजची चिप जे काम करते ते सगळं यात आहे. वर्णन आहे, नोंदवही आहे, मालकापर्यंत निरोप पोचवायची सोय आहे. दवंडी म्हणजे त्या काळचं नोटिफिकेशन.

पण ही व्यवस्था मायेपोटी आली नव्हती. सातपुड्यातल्या माणसाला विचाराल तर कोंडवाडा म्हणजे दंड. जंगल राखीव झालं, आणि पिढ्यानपिढ्या जिथे ढोरं चारली तिथेच ढोरं चोर ठरली. वनकायद्यानेही राखीव जंगलात शिरलेली जनावरं याच कायद्याखाली धरायची मुभा दिली. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर रोख पैसा दुर्मीळ. दंड भरायला पैसे नाहीत, आणि चौदा दिवसांनी बैल लिलावात. तिथे बैल कोणाचा हे सगळ्यांना माहीत असायचं. अडायचं ते पैशापाशी.

आणखी एक. या कायद्यात 'कॅटल' म्हणजे कोण कोण, याची यादी आहे. हत्ती, उंट, म्हशी, घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळ्या. कुत्रा नाही! पीक खात नाही, नांगर ओढत नाही, तर सरकारला त्याची नोंद कशाला? सारंगखेड्याच्या दत्ताला जाऊन आलेल्यांना दत्ताची तसबीर आठवत असेल. बहुतेक तसबिरींत पाठीशी गाय असते, पायाशी चार कुत्रे. गाय वहीत गेली, कुत्रे वहीबाहेर राहिले.

टेंभली ते गोठा: बारा आकड्यांची गोष्ट

आता थेट २०१० मध्ये येऊ. २९ सप्टेंबर २०१० ला याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. देशातला पहिला आधार क्रमांक तिथे दिला गेला. बारा आकडे. शाळेत सामान्य ज्ञानाच्या पेपरात हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय.

काही वर्षांत बारा आकड्यांचा दुसरा नंबर गोठ्यात पोचला. गाई-म्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला तुम्ही पाहिला असेलच. त्यावर बारा आकडी क्रमांक आणि बारकोड असतो. लोक त्याला पशुआधारच म्हणतात. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या रोगांविरुद्ध देशव्यापी लसीकरण सुरू झालं, तेव्हापासून या बिल्ल्यांचा जोर वाढला. लस कोणाला दिली, कधी दिली, हे नंबराशिवाय लक्षात कसं राहणार? २०२२ मध्ये खानदेशात लम्पी आला, गुरांचे बाजार बंद पडले, तेव्हा जनावर कुठून कुठे गेलं हे कळण्याचं महत्त्व सगळ्यांच्याच ध्यानात आलं. १ जून २०२४ पासून तर महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय गुरांच्या खरेदी-विक्रीला बंदी आली.

बिल्ल्यामुळे हरवलेली गाय सापडूही शकते. पण बिल्ला दिसतो, म्हणून तो कापताही येतो. चोराला एक कात्री पुरते.

चिप नेमकी करते काय?

चिपची गंमत इथे सुरू होते. ती दिसत नाही आणि सहजी काढता येत नाही. साधारण बारा मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड. आत बॅटरी नाही. एक गुंडाळी आणि एक इवलीशी चकती. बाहेरून स्कॅनर फिरवला की त्याच्या रेडिओ लहरींवर चिप क्षणभर जागी होते, आपला पंधरा आकडी नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. १९९६ मध्ये यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, म्हणून एका देशात टोचलेली चिप दुसऱ्या देशात वाचता येते.

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न: मग मोबाईलवर कुत्रा कुठे आहे ते दिसेल का? नाही दिसणार. चिपमध्ये जीपीएस नसतं. तिच्यात तुमचं नाव नसतं, पत्ता नसतो, फोनही नसतो. फक्त नंबर. नाव आणि फोन असतो दुसरीकडे, नोंदवहीत.

आणि सगळा खेळ तिथेच आहे. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५३ निवारा केंद्रांच्या नोंदी तपासल्या. तिथे आलेल्या एकूण भटक्या कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकांकडे परत गेले. चिप असलेल्यांपैकी मात्र ५२ टक्के. मांजरांचा फरक आणखी मोठा: दोन टक्क्यांहून कमी, आणि चिप असेल तर ३८ टक्क्यांच्या वर. मग चिप असूनही बाकीचे का राहिले? मालक न सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्याला आणि १० जून २०२४ पासून मांजराला चिप सक्तीची आहे. त्या कायद्यात चिपइतकंच महत्त्व नोंद ताजी ठेवण्याला आहे. पत्ता बदलला आणि कळवलं नाही तर दंड होऊ शकतो.

आपल्याकडे पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी देशभर अशी सक्ती नाही. कुठे महापालिकेची यादी, कुठे चिपच्या कंपनीची. म्हणजे नंबर वाचला तरी तो कोणत्या वहीत शोधायचा, हा प्रश्न उरतो. त्यात नंदुरबारची आपली अडचण वेगळी. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. गाडीत भांडी, पोरं, शेळी आणि बरेचदा कुत्रंही. तिकडे गेल्यावर सिमकार्ड बदलतं. अशा कुटुंबाचं कुत्रं बारडोलीच्या वाटेवर हरवलं, तर पंधरा आकडी नंबरापुढचा फोन लागेल का? आणि तो नंबर वाचायला रस्त्यात स्कॅनर कोणाकडे असेल?

ज्याला मालक नाही त्याचं काय?

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्या पाड्यावरच्या, गल्लीतल्या कुत्र्याचा मालक कोण? एक जण भाकरी टाकतो, दुसऱ्याच्या ओट्यावर झोपतो, तिसऱ्याचं शेत राखतो. सगळे त्याला एकाच नावाने हाक मारतात. फॉर्मवरच्या 'मालकाचे नाव' या रकान्यात काय लिहायचं?

अशा कुत्र्यासाठी आपल्या कायद्यात एक सुंदर गोष्ट आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण झाल्यावर ओळख म्हणून त्याच्या कानाला खाच देतात आणि जिथून त्याला उचललं त्याच भागात परत सोडतात. मालक नसला तरी पत्ता आहे, हे नियमाने मान्य केलंय. आणि खूण कोणती? कानाची खाच! मेंढपाळ आपली मेंढरं ओळखायला कान कातरत आले, त्याच जातीची खूण. दुरून, स्कॅनरशिवाय, कोणालाही वाचता येणारी.

इतका इतिहास चाळल्यावर मला एवढं नक्की वाटतं. डाग, कोंडवाडा, बिल्ला, यांत खूण करणाऱ्याला आधी स्वतःचा हिशेब हवा होता. पगार, दंड, लस. चिप टोचणाऱ्याला हिशेब नको असतो, त्याला फक्त आपलं कुत्रं परत हवं असतं. पण खूण कोणतीही असो, जनावर घरी येतं ते कोणीतरी वही ताजी ठेवली आणि कोणीतरी ती उघडून पाहिली म्हणून. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात स्कॅनर असावा आणि सगळ्या चिपांची वही एक असावी, ही मागणी चिपच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे.

तोवर आपल्या हातातलं करू. चिप असेल तर आजच तिच्या नोंदीतला फोन नंबर तपासा. चिप नसेल तर गळपट्ट्यावर नंबर लिहा. गावातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबरही सोबत टाका. आणि कुत्र्याचे दोन्ही बाजूंनी नीट फोटो काढून ठेवा. सारंगखेड्यातला जाणकार बघतो तसे: पायाचा रंग, कानाची ठेवण, कुठे व्रण असेल तर तो.

आणि एक गृहपाठ. तुमच्या गावात कोंडवाडा कुठे होता, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोणाचा बैल कधी सोडवून आणला, दंड किती बसला, सगळं सांगतील. रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. चांगल्या आठवणी पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. भेटूच, राम राम!