त्वचेवाटे औषधप्रदान : हायड्रोजेल व नॅनोपुटिका

त्वचेवर लावलेले औषध तिच्या आतल्या थरांत किंवा रक्तात पोहोचवणारी दोन वाहक माध्यमे. हायड्रोजेल ही भरपूर पाणी धरून ठेवणारी बहुवारिकांची जाळी होय. नॅनोपुटिका म्हणजे मेदद्रव्यांच्या किंवा तत्सम रेणूंच्या दुहेरी पटलाची, नॅनोमीटरमध्ये मोजली जाणारी पोकळ गोळी. व्यवहारात पुटिकेत औषध भरतात आणि ती पुटिका जेलमध्ये मिसळतात.

अडथळा : त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो. मृत पेशींच्या विटा आणि त्यांमधील मेदाचा गिलावा, अशी त्याची भिंतीसारखी रचना असते. साधारण 500 डाल्टनपेक्षा जड रेणू तिच्यातून सहसा पार होत नाहीत, असा ठोकताळा बॉस व माइनार्डी यांनी 2000 मध्ये मांडला. बुरशीनाशक अँफोटेरिसिन-बीचा रेणुभार सुमारे 924 असल्याने त्याला वाहक लागतो.

पुटिकांचे प्रकार : अ‍ॅलेक बँगहॅम यांनी 1960 च्या दशकात केंब्रिजजवळ वर्णिलेले लिपोसोम हे मूळ रूप. साधे लिपोसोम बहुधा त्वचेच्या वरच्या थरांतच थांबतात. ग्रेगोर त्सेव्त्स यांच्या ट्रान्सफरसोममध्ये पटल लवचीक करणारे पृष्ठसक्रियक असते, तर एल्का तुइतू यांच्या इथोसोममध्ये इथेनॉलचे प्रमाण मोठे असते. इथेनॉल शृंगस्तरातील मेद सैल करते. नायोसोम अनायनी पृष्ठसक्रियकांपासून बनतात. पुटिका अखंड आत जाते की मेदात विरून औषधाला वाट करून देते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

जेलचे कार्य : पुटिकांचे द्रावण पातळ असल्याने अंगावरून ओघळते. कार्बोमर, कायटोसान, सोडियम अल्जिनेट यांसारख्या द्रव्यांचे जेल ते जागेवर धरून ठेवते, त्वचा ओलसर राखते आणि औषध सावकाश सोडते. आधुनिक हायड्रोजेलचा पाया ओटो विख्टर्ले व द्रहोस्लाव्ह लिम यांनी 1960 मध्ये घातला.

ठाणे-कल्याण परिसर व मुंबई : पुटिकेचे तंत्र या पट्ट्याला परके नाही. भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्सचा कारखाना अंबरनाथला आहे. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत लिपोसोमल अँफोटेरिसिन-बीची टंचाई झाली, तेव्हा देशातील मोजक्या उत्पादकांत ही कंपनी होती. ते औषध शिरेवाटे द्यायचे होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने याच रेणूचे देशी लिपोसोमल रूप रुग्णांवर तपासले. पुढे लिपोसोमयुक्त अँफोटेरिसिन-बीचे जेलही बाजारात आले. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत वंदना पत्रावळे व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ट्रेटिनॉइन या औषधाच्या घन मेद-नॅनोकणांवरील काम प्रसिद्ध केले. हे कण पोकळ नसल्याने पुटिका ठरत नाहीत, पण तेही जेलमध्ये मिसळूनच त्वचेवर लावायचे असतात. उल्हासनगरच्या डॉ. एल. एच. हिरानंदानी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे या विषयाचे शिक्षण कल्याणच्या शेजारीच मिळते.

उपयोग व मर्यादा : पावसाळी दमट हवेत गजकर्ण फोफावते, म्हणून बुरशीनाशक जेल येथे विशेष मोलाचे ठरते. मुरुमे, सोरायसिस आणि सांधेदुखी ही इतर उपयोगक्षेत्रे. पुटिका साठवणीत एकमेकींना चिकटतात, औषध गळते, मेदाचे ऑक्सिडीकरण होते. उकाड्यात हे दोष वाढतात. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या कापलेल्या त्वचेवर मिळालेले यश रुग्णावर तसेच मिळेल याची खात्री नसते.

नियमन : नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, 2019 नुसार नव्या पद्धतीने दिले जाणारे जुने औषधही ‘नवीन औषध’ ठरते. नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वेही भारतात त्याच वर्षी जाहीर झाली. वेष्टनावरचा ‘नॅनो’ शब्द गुणाचा पुरावा नव्हे. तो पुरावा रुग्णांवरील चाचणीतूनच मिळतो. गजकर्णावर दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम परस्पर घेऊ नये, त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.