प्रतिवेदनाचे कर्तव्य : अर्थशास्त्र, शिलालेख आणि विनय

जे घडले ते राज्याधिकाऱ्यास कळविणे हे प्रजेचे बंधनकारक कर्तव्य होय, ही कल्पना भारतास नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात तिची सविस्तर मांडणी आढळते. नगरात दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर एक गोप नेमावा, असे तेथे सांगितले आहे. घरी आलेल्या व घरून गेलेल्या माणसाची वर्दी गृहस्वामीने द्यावी. न दिल्यास त्या रात्री घडलेल्या अपराधाचा दोष त्याच्यावर येतो, आणि रात्र निर्विघ्न गेली तरी तीन पण दंड होतो. चोरून जखमेवर उपचार करवून घेणाऱ्याची माहिती दडविणारा वैद्य तितकाच दोषी ठरतो. धर्मावसथाच्या चालकानेही पाषंडी व वाटसरू यांना वर्दी देऊनच आश्रय द्यावयाचा आहे.

या ग्रंथाचे उपलब्ध रूप मौर्यकाळानंतरचे असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे ते अशोकाच्या राज्यकारभाराचे चित्र म्हणून वाचता येत नाही. अशोकाच्या सहाव्या शिलालेखात बंधनाची दिशा निराळी आहे. भोजनसमयी, अंतःपुरात, उद्यानात, कोठेही व केव्हाही प्रतिवेदकांनी लोकांचे कार्य आपणास कळवावे, अशी आज्ञा तो देतो. तेथे कळविणारा जितका बांधला गेला आहे, तितकाच ऐकणारा राजाही. आणि हेतू सर्वलोकहिताचा आहे.

विनयपिटकाने हा प्रश्न संघाच्या अंगाने हाताळला. दुसऱ्या भिक्षूची गंभीर आपत्ती जाणूनबुजून झाकणाऱ्यास चौसष्टावे पाचित्तिय लागते. भिक्षुणीने दुसरीची पाराजिक आपत्ती झाकली तर ती स्वतःच पाराजिक होते. उलटपक्षी, संघाच्या संमतीवाचून अशी आपत्ती अनुपसंपन्नास सांगणे नवव्या पाचित्तियाने निषिद्ध ठरविले आहे. या दुसऱ्या नियमाच्या आधारे विहारातील अपराध बाहेर सांगू नये, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो आम्हांस मान्य नाही. नियमाची निदानकथा पाहावी : षड्वर्गीय भिक्षूंनी भांडणाच्या रागातून उपनंदाचा दोष उपासकांपुढे उघड केला, त्या प्रसंगी हा नियम झाला. द्वेषमूलक बदनामीस आळा घालणे हे त्याचे प्रयोजन. पीडितास न्यायापासून वंचित ठेवणे हे नव्हे.

शिवाय, बिंबिसाराने वर्षावास पुढे ढकलण्याची इच्छा दर्शविली तेव्हा राजांना अनुसरण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली, असे महावग्गात नमूद आहे. प्रसंग कालगणनेचा असला, तरी संघ राज्याच्या नियमांबाहेर नाही, ही भूमिका त्यातून दिसते.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, असा अपराध घडल्याचे ज्यास ठाऊक आहे त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. चीवरधारी त्यास अपवाद नाहीत. विहारांत बालसंस्कार वर्ग व श्रामणेर शिबिरे भरतात. तेथील चालकांनी हे कलम विनयाइतकेच पाठ असू द्यावे. आपत्तीचा निर्णय संघाने करावा, अपराधाचा न्यायालयाने. पहिल्याच्या नावाखाली दुसरा दडपणे हे विनयपालन नसून प्रतिच्छादन होय, आणि त्याला विनयानेच आपत्ती म्हटले आहे.