पेकिनीज

चिनी राजवाड्यात जोपासलेली लहान सोबती कुत्र्यांची जात. वजन सुमारे ५ किग्रॅ., चेहरा चपटा, डोळे टपोरे, मानेभोवती दाट आयाळ. १८६० मध्ये, दुसऱ्या अफू युद्धात, ब्रिटिश व फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला. तेथे सापडलेल्या पाच पेकिनीजपैकी ‘लूटी’ ही व्हिक्टोरिया राणीकडे आली आणि १८७२ पर्यंत जगली.

स्वभाव मानी. घरच्यांवर जीव, परक्यांशी अंतर. लहान मुलांची ओढाताण याला खपत नाही.

देखणेपणासाठी चपटे केलेले नाकच याला सर्वांत जाचते. श्वास घरघरतो, धाप टाकून अंग पुरेसे निवत नाही. म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही जात हौसेखातर आणणे क्रूरपणाचे ठरते. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा. डोळे उथळ खोबणीत असल्याने साध्या ओरखड्यानेही बुबुळावर व्रण पडतो. एक डोळा किलकिला दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. नाकावरच्या घडीत अश्रू साचून कातडी चिघळते. ती रोज ओलसर मऊ कापडाने पुसून पूर्ण कोरडी करावी. केसांचा गुंता कानामागे आणि काखेत आधी होतो. मणक्याची चकती सरकण्याचा धोका असल्याने सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत.